टेकडाउन की लाँगबो? शिकारीसाठी पहिलं धनुष्य घेताना

पुण्यात बसून शिकारीच्या धनुष्याबद्दल लिहायचं तर आधी एक खुलासा हवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हा शौक उरलेला नाही. ताम्हिणीत भेकर दिसलं तर डोळे भरून बघायचं आणि पुढे निघायचं. पण नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेली, तिथे रीतसर परवाना काढून हरणाच्या मोसमात जाऊ बघणारी ओळखीतली दोन-तीन मुलं हल्ली मला विचारतात, पहिलं पारंपरिक धनुष्य कुठलं घ्यावं? तीन तुकड्यांचं, सोडवता-जोडता येणारं आणि टोकं पुढे वाकलेलं टेकडाउन रिकर्व्ह, की साध्या वळणाचा, एकसंध, लांब लाँगबो? मीही कंपनीच्या कामानं दोन वर्षं पेनसिल्व्हेनियात होतो. दोन्ही वापरली, त्यातलं एक विकलं.

घोडेस्वारांची आखूड धनुष्यं देखणी असतात, पण पहिलंच म्हणून नकोत. बाण थेट मुठीवरून जातो आणि पिसं हात सोलून काढतात.

टेकडाउनची बाजू भक्कम आहे, हे मान्यच करतो. मुख्य सोय पाती, म्हणजे मुठीच्या वर-खालचे वाकणारे भाग, बदलण्याची. (क्लबातली पोरं पात्यांना ‘लिंब’ म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सरबत आठवलं होतं.) पेनसिल्व्हेनियात हरणासाठी किमान 35 पौंडांचं धनुष्य लागतं, म्हणजे दोरी ओढायला तेवढं बळ लागेल असं. नवशिक्यानं थेट 45 ला हात घातला की खांदा धरतो आणि नेम कधी बसतच नाही. 30 च्या पात्यांवर सहा महिने हात बसवायचा, मग त्याच मुठीला 40 ची लावायची, हा हिशेब चोख आहे. फक्त पात्यावरचा आकडा दोरी 28 इंच ओढल्यावरचा असतो, हे विसरू नका. माझी ओढ साडेसव्वीस, त्यामुळे माझ्या हातात 45 चे एक्केचाळीस-बेचाळीसच उरतात.

आणि नेणं-आणणं. टेकडाउन कपड्यांच्या बॅगेत मावतं. माझा लाँगबो 66 इंची. स्कूटरवर पाठीला बांधून निघालो की प्रभात रोडच्या फांद्या नमस्कार करायला लावतात. विमानासाठी प्लंबिंगच्या दुकानातून चार इंची पाइप कापून आणला, दोन्ही टोकांना झाकणं लावली. विमानतळावर दर वेळी तो उघडून दाखवायचा.

एवढं सगळं असूनही विकलं ते टेकडाउन. कारण करकर.

पाती मुठीला जिथे बोल्टनं बसतात, तो जोड माझ्या धनुष्यात बोलायचा. रोज नाही, हीच तर पंचाईत. मुळशीकडे मित्राच्या शेतावर भाताच्या पेंढ्यावर शंभर बाण मारावेत, चकार आवाज नाही. आणि एखाद्या गार सकाळी पूर्ण ओढ घेतली की जुन्या वाड्याच्या जिन्यासारखं ‘कुर्र’. मेणबत्तीचं मेण लावलं, साबण घासला, खाली पातळ चामडं घालून पाहिलं. आठवडाभर बरं चाले. मग धनुष्य सोडवून पुन्हा जोडलं, की पाती नव्यानं बसत आणि दुखणं पुन्हा सुरू.

मैदानावर याचं काहीच बिघडत नाही. पण नोव्हेंबरातल्या एका पहाटे झाडावरच्या मचाणावर तीन तास गारठल्यावर पंधरा पावलांवर हरणी आली, मी ओढ घेतली आणि जोड बोलला. तिनं मान वर करून नेमकं माझ्याकडे पाहिलं. मी बाण सोडलाच नाही. पारंपरिक धनुष्यानं शिकार करायची तर पंधरा-वीस यार्डांच्या आत जावं लागतं, आणि तेवढ्या अंतरावर हरणाचे कान तुमच्या नेमाच्या पुढे असतात. माझ्याच धनुष्यात खोट होती, असंही असेल. एक नग बोलला म्हणून सगळ्यांना दोष देणं बरोबर नाही. पण लाँगबोला जोडच नाही, तर बोलणार काय?

बाण सुटल्यावरच्या आवाजाचंही तेच. रिकर्व्हची दोरी पात्याच्या वाकणावर टेकते, सुटल्यावर तिथेच आपटते. त्यावर दोरीला लोकरीचे गोंडे बांधतात. मी आईच्या स्वेटरची उरलेली लोकर बांधली होती. आवाज कमी झाला, पण पावसात तेच गोंडे भिजून जड होतात. लाँगबोची दोरी बहुतेक मोकळीच असते, त्यामुळे तो जात्याच अबोल.

त्याच्याही खोडी आहेत. बाण सुटला की मुठीत झणका बसतो, पहिले पंधरा दिवस कोपर कुरकुरलं. पौंडामागे दहा ग्रेन या हिशेबानं जड बाण घेतले, म्हणजे 45 पौंडांना 450 ग्रेन, साधारण 29 ग्रॅम. मग झणका बराच उतरला. रिकर्व्ह किंचित वेगवान वाटतं, पण पंधरा यार्डांवर मला तरी फरक जाणवला नाही. उलट लांबीमुळे दोरीचा कोन उघडा राहतो, तीन बोटं चिमटत नाहीत. मचाणावर मात्र ही लांबी नडते, खालचं टोक फळीला अडतं. तिथे 60 इंची रिकर्व्हला तोड नाही.

माणसं तर दोन्हींनी मोठी झाली. अमेरिकेतल्या नामांकित धनुर्धर शिकाऱ्यांपैकी हॉवर्ड हिलनं जन्मभर लाँगबो चालवला, फ्रेड बेअरनं रिकर्व्ह. तेव्हा माझा कौल म्हणजे वेदवाक्य नव्हे. वजन वाढवत शिकायचं असेल आणि मचाणावरच बसायचं असेल, तर टेकडाउन घेतलंत म्हणून मी भांडणार नाही. पण जमिनीवरून, झुडपाआडून जाणार असाल, तर आधी कुणाचं तरी हलकं धनुष्य उसनं घेऊन हात बसवा आणि मग 40-42 पौंडांचा लाँगबो घ्या. एप्रिलमध्ये बंद गाडीत मात्र कुठलंच ठेवू नका, उष्णतेनं पात्यांचे चिकटवलेले थर सुटतात.

टेकडाउनच ठरलं असेल, तर दुकानदाराला ते तुमच्यासमोर सोडवून पुन्हा जोडायला सांगा. पंखा बंद करा, पूर्ण ओढ घ्या, सोडू नका, आणि कान मुठीकडे ठेवा. असं चार वेळा.