मुदत संपली, जाहिरात सुरूच: इंदिरानगरच्या फ्लॅटचे आठ महिने

नाशिकच्या इंदिरानगरमधला आईबाबांचा टू-बीएचके विकायला काढून आठ महिने झाले. एप्रिल ते जून एका एजंटकडे एक्सक्लुझिव्ह, म्हणजे त्या काळात फक्त त्यानेच विकायचा, असा दिला होता, दिवाळीपासून दुसऱ्याकडे आहे. भाव आणि ब्रोकरेज यांबद्दल सगळेच सांगतात. एजंटची मुदत संपल्यावर काय करायचं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

पहिल्या एजंटचं काम वाईट नव्हतं. फोटो नीट काढले, रविवारी गिऱ्हाईकं आणली. जूनअखेर मी 'आता थांबूया' असा मेसेज केला, 'ओके मॅडम' असं उत्तर आलं. चावी परत घ्यायची राहिली.

दुसऱ्याच दिवसापासून इतर एजंटांचे फोन सुरू झाले. "तुमच्या माणसाला जमलं नाही ना?" हे पहिलंच वाक्य. एकाकडे तर मुंबईचं गिऱ्हाईक म्हणे रोख घेऊन तयार होतं. १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे फोन बंद करायची सोय) लावलं, तेव्हा थोडे कमी झाले.

ऑक्टोबरमध्ये मी फ्लॅट झाडायला गेले होते. पाथर्डी फाट्याहून एक जोडपं वॉचमनला विचारत वर आलं. मोबाईलवर आमचंच स्वयंपाकघर: ओट्यावर आईची तांब्याची घागर, भिंतीवर कालनिर्णयचं एप्रिलचं पान. वर 'आजच अपडेट', आणि भाव माझ्यापेक्षा चार लाखांनी कमी. त्या बाईंनी अर्धा दिवस रजा टाकली होती. त्यांना खरा आकडा सांगताना मलाच कानकोंडं झालं. पहिल्या एजंटला फोन केला तर म्हणाले, "लिस्टिंग राहिली की फोन येतात, मग दुसरं काही दाखवता येतं." माझ्या आईच्या घराचं आमिष करायचा हक्क त्यांना कुणी दिला?

वकील मैत्रिणीने समजावलं ते महत्त्वाचं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मालकाने अधिकार काढून घेतला की एजन्सी संपते. पण कलम २०८ म्हणतं, ज्या तिऱ्हाइताला हे कळलेलं नाही, त्याच्यापुरती ती संपलेली नसते. म्हणजे जुनी जाहिरात पाहून कुणी त्या एजंटकडे टोकन (आगाऊ रक्कम) दिलं असतं, तर निस्तरायला मीच. महारेराचा, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाचा, रस्ता मला सरळ नव्हता: २०१६ च्या रेरा कायद्यातली एजंट-नोंदणीची अट नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे आणि आमची बिल्डिंग २००९ ची, कायद्याच्या आधीची. मग एजंटला रीतसर पत्र दिलं, त्याची प्रत जोडून जाहिरात होती त्या पोर्टलवर तक्रार केली. चार दिवसांत जाहिरात उतरली.

सध्याच्या एजंटनी पहिल्याच फोनवर विचारलं, "ताई, आधीचा करार संपल्याचं लेखी आहे का? नसेल तर मी आत्ता बोलत नाही." तेव्हाच विश्वास बसला. मुदतीत पहिल्या एजंटने कुणाला घर दाखवलं त्यांची नावंही मागितली, कारण त्यांच्यापैकी कुणी घेतलं तर ब्रोकरेजचा वाद नको. आमच्या करारात मी तीन ओळी घालून घेतल्या: मुदत संपल्यावर तीन दिवसांत सगळ्या जाहिराती काढायच्या, चावी परत द्यायची, माझा नंबर आणि फोटो पुढे कुणाला द्यायचे नाहीत. त्यांनी वाचून लगेच सही केली.

घर अजून विकलं गेलेलं नाही. पहिल्या एजंटकडची चावी तीनदा मागूनही आली नाही, तेव्हा गेल्या आठवड्यात मी कुलूपच बदलून घेतलं.