शिल्की १४ए४ए: लीड ट्रम्पेटसाठी उथळ माउथपीस

बिग बँडमध्ये, म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात, पहिल्या ट्रम्पेटची (लीडची) जबाबदारी नव्याने अंगावर आली की वादकाचे लक्ष आधी माउथपीसकडे, म्हणजे ओठांना लावायच्या सुट्या मुखनळीकडे जाते, आणि त्या शोधात शिल्की कंपनीच्या १४ए४ए या मॉडेलचे नाव हमखास निघते. मी हा माउथपीस तालमींत आणि कार्यक्रमांत नियमितपणे वापरतो व त्याविषयीचे माझे मत अनुकूल आहे. मात्र बहुतेक जण ज्या कारणासाठी तो घेतात, ते कारण मला मान्य नाही. हा माउथपीस उंच स्वर देत नाही. ज्याची मजल बाख कंपनीच्या साध्या, मध्यम खोलीच्या ३सी माउथपीसवर हाय सी या उंच स्वरापाशी संपते, त्याला येथे फार तर एखादा स्वर अधिक सापडेल आणि तोही भरवशाचा नसेल. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? या माउथपीसकडून खरोखर मिळते ती स्वराला धार, आणि ती धार कार्यक्रमाच्या अखेरपर्यंत टिकवताना होणारी श्रमांची बचत.

शिकागो सिम्फनीत ट्रम्पेट वाजवलेल्या रेनॉल्ड शिल्की यांनी १९५६ साली शिकागोत ही कंपनी सुरू केली. त्यांच्या क्रमांकपद्धतीत माउथपीसची घडण नावातच सांगितलेली असते. पहिला आकडा आतील व्यासाचा असून तो वाढेल तसा व्यास वाढतो. बाख कंपनीच्या क्रमांकांत नेमके उलट असल्यामुळे नवख्यांची फसगत होते. त्यानंतरचे ‘ए’ हे अक्षर सर्वांत उथळ कप (ओठांपुढची वाटी) दर्शवते, ४ हा आकडा बऱ्यापैकी सपाट रिम (ओठांना टेकणारी कड) दर्शवतो आणि शेवटचा ‘ए’ अरुंद बॅकबोर (कपापुढची हवेची नळी) दर्शवतो. थोडक्यात, व्यास फारसा लहान नाही, परंतु कप उथळ आणि पुढची वाट चिंचोळी आहे. याच घराण्यातील ६ए४ए लहान व्यासाचा आहे. माझ्या ओठांना तो आवळल्यासारखा वाटतो, तरी पातळ ओठांच्या वादकांनी तो अवश्य लावून पाहावा.

लीडवादक म्हणजे सर्वांत उंच वाजवणारा, ही समजूत अपुरी आहे. स्टॅन केंटन यांच्या बँडमधील मेनार्ड फर्ग्युसन यांच्या उंच स्वरांची कीर्ती मोठी आहे. परंतु लीडवादनाचा धडा घ्यायचा तर मी काउंट बेसी आणि थॅड जोन्स–मेल लुईस यांच्या वाद्यवृंदांत लीड वाजवलेल्या स्नूकी यंग यांचे वादन आधी ऐकेन. स्वर ठोक्यावर नेमका कोठे ठेवायचा, किती लांबवायचा आणि कोणत्या क्षणी तोडायचा, हे पहिला ट्रम्पेट ठरवतो. उरलेले ट्रम्पेटवादक ते उचलतात आणि ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन त्यांच्याशी जुळवून घेतात. आता गंमत अशी की शेजारी बसलेल्या वादकाकडे ट्रम्पेटच्या भोंग्याचे तोंड नसते. त्याच्यापर्यंत स्वराचा भरणा कमी पोहोचतो, पण सुरुवात आणि शेवट नीट पोहोचतात. १४ए४ए येथे आपली किंमत वसूल करून देतो. जिभेचा स्पर्श होताच स्वर उमटतो, तोडतानाही तो मागे रेंगाळत नाही, आणि त्यामुळे दुसऱ्या ट्रम्पेटला अंदाज बांधत बसावे लागत नाही. समोरच्या सॅक्सोफोनच्या रांगेला मात्र झळाळी पुरेपूर ऐकू येते. तिथून कधीमधी तक्रारीची नजर वळते, ती सोसावी.

हाय सीच्या वर नैसर्गिक स्वर, म्हणजे कळा न बदलता केवळ ओठांनी निघणारे स्वर, एकमेकांपासून साधारण एकाच पूर्णस्वराच्या अंतरावर येतात, म्हणून ओठांच्या ताणात किंचित फरक पडला तरी शेजारचा स्वर वाजून जातो. शेक, म्हणजे दोन शेजारच्या स्वरांमधले जलद हेलकावे, घेताना हीच जवळीक कामी येते आणि उथळ कपावर तो विशेष सहजतेने निघतो. परंतु खोल माउथपीसची सवय असलेला वादक येथे हमखास जास्त हवा भरतो. अरुंद बॅकबोरमधून तेवढी हवा जात नाही, स्वर गुदमरतो, वर चढतो, आणि घाबरून वादक आणखी जोर लावतो. हवेचा झोत बारीक आणि वेगवान ठेवण्याची सवय अंगवळणी पडेपर्यंत हा माउथपीस वाईट वाटण्याचीच शक्यता अधिक आहे. दुसरा धोका याहून कडक आहे. लांबलेल्या तालमीत ओठ सुजतात, कपात आत सरकतात आणि तळाला टेकतात. तेव्हा आवाज हळूहळू पातळ होत नाही, तर एकाएकी बंद पडतो. जो वादक उंच स्वरांसाठी ट्रम्पेट ओठांवर दाबून धरतो, त्याच्यावर ही पाळी लवकर येते.

खालच्या सप्तकात स्वर किरटा होतो, हे गृहीतच धरावे. संथ बॅलडमध्ये सर्व ट्रम्पेट मऊ आवाजात एकत्र मिसळायचे असतात, तेव्हा ही धार आवरता आवरत नाही. हार्मन म्यूट (भोंग्यात बसवायचे, आवाज दबवणारे धातूचे बूच) लावल्यावर माझा सूर जरा अधिकच चढतो, त्यामुळे सूर जुळवण्याची सरकती नळी, म्हणजे ट्यूनिंग स्लाइड, थोडी बाहेर ओढावी लागते आणि म्यूट काढताच ती लगेच आत घ्यावी लागते. पान उलटायलाही सवड नसते तिथे ही कसरत जिवावर येते. फ्लूगलहॉर्न या ट्रम्पेटच्या मऊ आवाजाच्या भावंडासाठी खोल कपाचा वेगळा माउथपीस लागतोच. त्याची रिम शक्य तितकी याच्याशी मिळतीजुळती निवडली तर ओठ गोंधळत नाहीत.

चौथ्या खुर्चीवरील, म्हणजे चौथा ट्रम्पेट वाजवणाऱ्या, वादकाने हा माउथपीस घेऊ नये, कारण त्याच्या वाट्याला येणाऱ्या खालच्या स्वरांना भरीव आवाज लागतो. लीडवादकाने तो दुकानात दोन-चार उंच स्वर वाजवून निवडू नये; परत करण्याची मुभा घेऊन तो पूर्ण तालमीत वाजवावा, आणि शेवटच्या रचनेनंतर दुसऱ्या ट्रम्पेटवादकाला विचारावे की स्वर कोठे तुटतो आहे हे त्याला कळत होते का.