पेंचला पक्ष्यांच्या कामासाठी राहायचं असेल तर हे होमस्टे घ्याच (पूर्ण हिवाळा राहून लिहिते आहे)

इथले बाकीचे रिव्ह्यू वाचले तर सगळे वाघ दिसला का, जिप्सी कशी मिळाली, स्विमिंग पूल का नाही यावरच आहेत, म्हणून म्हटलं आपण वेगळं लिहू. आम्ही नागपूरची छोटी टीम, हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या लहान पक्ष्यांच्या नोंदी घेतो, म्हणजे पर्णवटवटे, माशीमार, धोबी, तिरचिमण्या वगैरे. यंदा ऑक्टोबरपासून मार्च संपेपर्यंत आमचा मुक्काम इथंच होता, मधेमधे घरी जाऊन यायचो तेवढंच. नागपूरहून हायवे 44 ने मनसर, पुढे पवनीच्या फाट्यावरून आत सिल्लारीकडे, साधारण 70-75 किलोमीटर. रस्ता चांगला आहे, अंधारात फक्त रानडुकरं आणि चितळ सांभाळा.

पहिली गोष्ट सकाळची. या कामात दिवसाचे पहिले दोन-तीन तास हेच सगळं असतं, उन्हं चढली की पक्षी गप्प होतात आणि मग झाडाखाली उभं राहून मान दुखण्यापलीकडे काही हाती लागत नाही. जानेवारीत इकडे सूर्य उगवायलाच पावणेसात-सात होतात, तोवर आपण आपल्या पॉइंटवर उभं असलं पाहिजे, शिवाय बफरमधल्या (गाभ्याबाहेरच्या जंगलातल्या) वाटेवर पायी जायचं तर परवानगीचा कागद आणि सोबत वनरक्षक दादा लागतात, त्यांना घेऊन निघायचं म्हणजे साडेपाचला चहा हवाच. मी याआधी दुसरीकडे राहिले आहे तिथं आठ वाजता किचन उघडायचं, "मॅडम, गेस्ट लोक उशिरा उठतात" म्हणून. इथं होमस्टेच्या काकूंना पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं, त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की आम्ही उठलो आणि चूल पेटलेली नव्हती. थर्मास भरून आणि पोळी-भाजीचा डबा बांधून तयार, स्टीलचा डबा, खडखडू नये म्हणून कापडात गुंडाळलेला. हे आम्ही सांगितलं नव्हतं बरं का, त्यांचं त्यांनीच केलं.

दुसरी गोष्ट व्हरांड्यातलं लोखंडी कपाट. ऐकायला क्षुल्लक वाटेल पण गरम खोलीतून दुर्बीण एकदम बाहेरच्या थंडीत आणली की काचा आतून धुकटू शकतात, आणि नेमकी तीच दहा मिनिटं महत्त्वाची असतात. होमस्टेच्या मालक दादांनी ते कपाट कुलूप-किल्लीसकट आम्हाला देऊन टाकलं, रात्रभर दुर्बिणी बाहेरच्याच गारव्यात राहायच्या, सकाळी डोळ्याला लावली की स्वच्छ.

अंगणात उंबर आहे आणि मागे पेरूची दोन झाडं. तिथंच हिवाळाभर एक हिरवट पर्णवटवट्या होता. वजन जेमतेम 7-8 ग्रॅम, हिमालय आणि त्याच्याही उत्तरेकडून येतो, आणि इथं आला की आपला झाडांचा तुकडा धरून बसतो आणि दुसऱ्याला येऊ देत नाही. थंडीत हे पक्षी गाणं फारसं म्हणत नाहीत, नुसते हाका मारतात, याची हाक "चिस-ली" अशी दोन तुकड्यांची, आणि पानांत पक्षी दिसतच नाही म्हणून निम्मं काम कानानंच करावं लागतं. नवीन मुलांना मी जंगलात न्यायच्या आधी इथं खुर्ची टाकून बसवायचे, नुसतं ऐका म्हणून. पेरूवर लाल कंठाचे माशीमार पण यायचे, शेपटी वर उडवत "ट्रर्रर्र" करणारे. इकडे त्यातल्या दोन जाती येतात, रेड-ब्रेस्टेड आणि तैगा, कंठ लाल नसलेल्या माद्या आणि पिल्लं ओळखायची तर शेपटीच्या मुळावरची पिसं पाहावी लागतात, ती शेपटीपेक्षाही काळीकुट्ट असली तर तैगा. चहा पिता पिता हे पाच-सहा फुटांवरून दाखवता येतं अशी जागा मला तरी दुसरी माहीत नाही.

आता उजेडाचं. पेंचला जानेवारी 2024 मध्ये देशातला पहिला डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, सिल्लारी, पिपरिया, खापा इथले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी खाली तोंड असलेले बसवलेत. लोक ताऱ्यांसाठी येतात, छानच आहे, पण हे छोटे पक्षी बहुतेक रात्रीच प्रवास करतात आणि वर फेकलेला पांढरा उजेड त्यांना वाटेवरून ओढून घेतो, म्हणून आमच्यासाठी हा मुद्दा फार जवळचा. होमस्टेच्या पुढच्या बाजूला दिवे मंद, पिवळे, खाली वळवलेले. पण मागे बाथरूमच्या भिंतीवर एक पांढरा फोकस आहे. सांगितल्यावर दादांनी लगेच बंद केला, पण शनिवार-रविवारी पाहुणे आले की तो परत रात्रभर जळतो, आणि तो सरळ मागच्या झाडांवर पडतो. दादा, हे वाचत असाल तर तेवढं मनावर घ्या, पिवळा बल्ब आणि वरून टोपी, बस. वीकेंडचा स्पीकर हीसुद्धा माझी खरी तक्रार आहे. जंगलाच्या काठावर येऊन रात्री दहा-साडेदहापर्यंत गाणी लावणाऱ्यांना मालकांनीच थांबवायला पाहिजे, पाहुणे नाराज होतील म्हणून ते गप्प राहतात.

जेवण घरचं, ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी, ती आमच्यातल्या पुण्याच्या पोराला इतकी आवडली की कृती लिहून घेऊन गेला. तिखट कमी हवं असेल तर आधी सांगा. गरम पाणी बादलीनं मिळतं. लाइट जाते, पॉवर बँक आणा. नेटवर्क अंगणात एका कोपऱ्यातच येतं, नोंदी अपलोड करायच्या तर तिथं उभं राहा.

कधी यायचं? शिकायला यायचं असेल तर फेब्रुवारी मधापासून मार्च. सागाची पानं गळून पडतात, पायाखाली फार वाजतात पण वरचं सगळं मोकळं दिसायला लागतं, आणि पळस फुलतो. मग मधासाठी सगळे पक्षी त्याच झाडांवर, भोरड्या तर थव्यानं. याच दिवसांत परतीच्या वाटेसाठी पक्षी चरबी साठवत असतात, खाण्याचा वेग डोळ्यांना कळतो. नवरंग पक्षी पाहिजे असेल तर मात्र हिवाळा नाही, तो पावसाच्या तोंडावर येतो, काकू म्हणाल्या मागच्या ओढ्याकडून त्याची शीळ ऐकू येते.

महिन्याच्या मुक्कामाचे पैसे आधी बसून ठरवा, साइटवरचा रेट एका रात्रीचा आहे, लांब राहणाऱ्यांना ते कमी करतात पण विचारलं तरच. नाताळ ते 1 जानेवारी खोल्या मिळणार नाहीत. आम्ही पुढच्या सीझनसाठी व्हरांड्यालगतची खोली आत्ताच सांगून ठेवली आहे, तुम्हाला हवी असेल तर तिच्या शेजारची पण चांगली, खिडकी उंबराकडेच उघडते.