चिंधीला लागलेली अबोली

चिंधीला रंग लागला तसा सुथारकाकांनी पॉलिशचा हात थांबवला, चिंधी खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "साहेब, आ तो रंगेलुं छे." मी म्हटलं, नाही हो काका, ते प्लास्टिकच त्या रंगाचं आहे, खास बनवून घेतलंय. काका वाद घालणारे नाहीत. त्यांनी चिंधीचा कोरा कोपरा स्पिरिटमध्ये बुडवला आणि गिटारच्या पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज उचलणाऱ्या भागाच्या, कडेवरून एकदाच फिरवला. अबोलीखालून काळं प्लास्टिक वर आलं. काका परत फळीकडे वळले. ९,६०० रुपयांचा निकाल तिथेच लागला.

मला हे पिकअप विकणारा माणूस अजून धंद्यात आहे, म्हणून हे लिहितोय.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. कॉलेजात असताना नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. नऊ रात्री हींचच्या ठेक्यावर उजवा हात चालवला की दसऱ्याला जिलेबी धरायचीसुद्धा ताकद राहत नसे. पुढे नोकरी, संसार, गिटार माळ्यावर. गेल्या वर्षी आमच्या जुन्या झोपाळ्याची सागवानी फळी चिरली. पणजोबांच्या वेळची फळी, भंगारात द्यायला जीव होईना. जाडी बघितली आणि डोक्यात आलं, की याची इलेक्ट्रिक गिटार होईल. सागवान गिटारला जड पडतं, हे मला ठाऊक आहे. पडू दे. आमच्या घरात चार पिढ्यांनी त्या फळीवर बसून पेपर वाचलाय.

गिटारची मान, म्हणजे नेक, तयार विकत घेतली, बॉडी सुथारकाकांकडे दिली. राहिले पिकअप, आणि तिथे माझ्या डोक्यात रंग शिरला. आईची एक अबोली रंगाची साडी होती. दुपारी त्याच झोपाळ्यावर ती साडी नेसून ती भाजी निवडायची. फळी झोपाळ्याची, तर पिकअप साडीच्या रंगाचे! बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, आवाज रंगावर ठरतो का?" नाही ठरत. पण ते तेव्हा कोण ऐकतंय.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण फसवणूक नेमकी त्याच जागी आहे. तारांखाली बसतो तो पिकअप, म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. मला हवा होता हंबकर. त्यात असे दोन कॉइल शेजारी शेजारी असतात, दोन्हींचे चुंबकाचे ध्रुव उलट आणि वेढ्यांची दिशाही उलट. त्यामुळे तारांचा आवाज एकमेकांत मिळतो, पण विजेच्या लाइनीतून येणारी घुमघुम एकमेकांना मारते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने याच्या पेटंटसाठी १९५५ साली अर्ज केला होता. वेढे ज्या प्लास्टिकच्या रिळावर घालतात ती बॉबिन. रंग दिसतो तो या बॉबिनचा. ती साच्यातून निघते, म्हणून बाजारात काळी, पांढरी, क्रीम, किंवा एक काळी एक क्रीम, म्हणजे झेब्रा, एवढंच सहज मिळतं. लाल, निळी, गुलाबी शोधली तर सापडते. अबोली? एका गिटारसाठी दोन पिकअप, म्हणजे चार बॉबिन. चार नगांसाठी वेगळ्या रंगाचं प्लास्टिक साच्यात कोण ओतणार, हा प्रश्न मला दोन महिन्यांत एकदाही पडला नाही.

बरं, रंगाचे सरळ मार्ग होते. पांढरी बॉबिन घेऊन ती रंगवून घ्यायची. त्या मापाचं झाकण थ्रीडी प्रिंट करून वर बसवायचं. "मी स्प्रे मारून देतो, चारशे जास्त होतील" असं कोणी तोंडावर सांगितलं असतं तर मी आनंदाने दिले असते. त्यात फसवणूक काहीच नाही.

सेकंडहँड वाद्यांच्या खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर मी विचारलं, आणि तासाभरात याचा मेसेज आला. लगेच फोन. बोलणं अस्सल पुणेरी. दोन वाक्यं झाली नाहीत तोवर म्हणतो, "तुम्ही बडोद्याचे? पण मराठी किती स्वच्छ आहे हो तुमचं!"

इथे मी विरघळलो, हे कबूल करतो. आम्ही पुण्याला लग्नाकार्याला गेलो की आमच्या बोलण्यातले गुजराती शब्द वेचून काढले जातात, कौतुकाने का होईना. भाचरं तर यादीच करतात. इथे एक पुणेकर आपणहून शाबासकी देतोय म्हटल्यावर मी आणखी शुद्ध बोलायला लागलो. त्याची मावशी म्हणे सूरसागरच्या बाजूला राहायची, लहानपणी तो सुट्टीला यायचा, शेवउसळ खायचा. बडोद्याबद्दल कुणालाही माहीत असतं तेवढंच तो बोलला. मला मात्र घरचा माणूस भेटल्यासारखं झालं.

आणि त्याला विषयातलं येत होतं. मी सहज म्हटलं, अबोली नाहीच जमलं तर दोन्ही बॉबिन क्रीम चालतील. तर लगेच म्हणाला, "सर, डबल क्रीमचा अमेरिकेत डिमार्झिओकडे ट्रेडमार्क आहे. मी असल्या भानगडीत पडत नाही." ही गोष्ट खरी आहे. डबल क्रीम हंबकरचा रंगच त्या कंपनीने तिकडे ट्रेडमार्क करून ठेवलाय, म्हणून दुसऱ्या अमेरिकन कंपन्या तो उघडपणे विकायला कचरतात. बडोद्यातल्या एका हौशी माणसाशी पुण्यातला कारागीर व्यवहार करतो, त्यात या ट्रेडमार्कचा काय संबंध? पण मला वाटलं, वा, केवढा नेकीचा माणूस! त्या एका खऱ्या वाक्यावर त्याने पुढची सगळी खोटी वाक्यं खपवली.

मग म्हणाला, फोटोवरून रंग जुळत नाही, ट्यूबलाइटखाली वेगळा येतो आणि उन्हात वेगळा. साडीचा तुकडा पाठवा. ज्याला फसवायचंय तो इतका चोखंदळपणा कशाला करेल, असं कुणालाही वाटेल. आईने स्वतः कात्री घेऊन, निऱ्यांच्या आत जाणाऱ्या टोकाचा चार बोटं तुकडा कापून दिला. "दिसत नाही तिथलं देतेय," म्हणाली. पाठवण्याआधी मी त्याचा एक फोटोही काढला, खिडकीच्या उजेडात, तिच्या हातात धरून. पत्ता विचारला तर म्हणाला, कुरिअरच्या ऑफिसातच राहू द्या, माझा मुलगा तिकडून उचलतो. मी राहू दिलं. घराचा पत्ता नाही, दुकानाचं नाव नाही, जीएसटीचं बिल मागितलं तर "घरगुती काम आहे सर".

आधी ४,००० घेतले. मग एक व्हिडिओ आला, वेढे घालायचं मशीन गरगर फिरतंय, काउंटरवर आकडे पळतायत, चार हजार आठशे, नऊशे, पाच हजार, थांबलं. मी तो व्हिडिओ जेवताना सगळ्यांना दाखवला. आज बघितला की पहिल्यांदा डोळ्यात भरतं ते हे, की त्यातली बॉबिन पांढरी आहे. माझ्या ऑर्डरचा व्हिडिओ आणि बॉबिन पांढरी! त्या दिवशी मी फक्त आकडे बघत होतो. उरलेले ५,६०० त्याच रात्री पाठवले.

पार्सल उत्तरायणाच्या चार दिवस आधी आलं. आणि खरं सांगतो, रंग अप्रतिम होता. आईने साडी शेजारी धरली, फरक दिसेना. मी पिकअप कपाटात ठेवले आणि पतंगांच्या मांजाकडे वळलो. उघडताना व्हिडिओ काढला नाही. खालची बाजू बघितली नाही. पेचांच्या डोक्यातल्या खाचा रंगाने भरल्या होत्या, तेही दिसलं, आणि मी मनात म्हटलं, काय एकसंध काम केलंय!

आता हे कुणी घेत असाल तर तेवढं एक ध्यानात ठेवा. साच्यातून रंगीत निघालेल्या बॉबिनला नंतर पेच लावतात, त्यामुळे पेच चकचकीत, धातूचे दिसतात. पेच आणि बॉबिन एकाच रंगाचे असतील, खाच बुजली असेल, तर सगळं जोडून झाल्यावर वरून स्प्रेचा डबा मारलाय.

काकांच्या चिंधीचा प्रकार झाला त्या संध्याकाळी रावपुऱ्यात माझा एक जुना मित्र रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो, त्याच्याकडे दोन्ही नग घेऊन गेलो. त्याने आधी मल्टिमीटर लावला. एक पिकअप ठीक. दुसऱ्याच्या एका कॉइलवर मीटर काही दाखवेचना, आत तार तुटलेली. म्हणजे पैसे हंबकरचे आणि चालणार अर्धाच, घुमघुमीसकट. मग खालचे चार पेच काढले. मला अल्निको पाच सांगितलं होतं. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाचं मिश्रण, करड्या धातूची पट्टी दिसते. आतून निघाली काळी, दगडासारखी, कडेला कपचा उडालेली सिरॅमिकची पट्टी. सिरॅमिक वाईट नसतं, कित्येक चांगल्या पिकअपमध्ये मुद्दाम घालतात. पण मला तिचे पैसे अल्निकोच्या नावाने लावले होते. शेवटी मित्राने पट्टी ठेवून पहिल्या पेचापासून सहाव्यापर्यंत मोजलं, ५० मिलिमीटर. माझ्या ब्रिजपाशी, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे, पहिली ते सहावी तार ५२ भरते. हे माप मी त्या पुणेकराला लिहून पाठवलं होतं, त्याने "नोटेड सर" म्हणून उत्तरही दिलं होतं.

"कुठल्याही ऑनलाइन दुकानात हजार-बाराशेला जोडी मिळते ही," मित्र म्हणाला. "वर पन्नास रुपयांचा रंग." आणि चहा सांगितला.

फोन केला तर पठ्ठ्या उचलतो! वर मलाच सुनावतो, "सर, तुम्ही स्पिरिट लावलंत, आता वॉरंटी गेली." मी आवाज चढवला तर लगेच मऊ. "मराठी माणसाचे पैसे मी ठेवणार नाही. क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पूर्ण रक्कम परत येईल." मी रागात होतो, घाईत होतो, फोन हातात होता. पिनचे दोन आकडे टाकलेसुद्धा. बायको मागे उभी होती. "अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?"

नाही लागत. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा आपली शिल्लक बघण्यासाठी. येणाऱ्या पैशाला पिन नाही, स्कॅन नाही, काही नाही. मला हे माहीत होतं. आईला मीच शिकवलं होतं. तरी बोटं चालली. स्क्रीनवर वर बारीक अक्षरात ९,६०० भरा असं लिहिलेलं होतं. दुसऱ्यांदा तेवढेच.

१९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? महिना होत आला होता. गेल्यागेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता असते, नंतर ती कुठल्या कुठे फिरते. माझा तो महिना कपाटात ठेवलेल्या पिकअपकडे कौतुकाने बघण्यात गेला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ पण लावला. ते विक्रेत्याचं नाव-पत्ता विचारतात, आणि माझ्याकडे काय होतं? कुरिअरची पावती आणि एक फोन नंबर, जो तोवर बंद पडला होता.

आता कुणी मला विचारलं की मी सांगतो, रंगाचं बोलणं सर्वांत शेवटी. आधी पिकअपच्या पोटाचा फोटो मागा, पट्टी ठेवून माप दाखवा म्हणा, मीटर लावलेला व्हिडिओ तुमचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट मागा. हातात पडल्यावर उघडताना व्हिडिओ काढा, आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा फिरवा. खरा कारागीर यातल्या कशालाही रागावत नाही. नंतर इंदूरच्या एका वाइंडरशी, म्हणजे पिकअपचे वेढे घालणाऱ्याशी, बोललो, त्याने न मागता पोटाचे फोटो पाठवले आणि रंगाचं विचारल्यावर सरळ म्हणाला, माझ्याकडे काळा आणि पांढरा, बास. त्याच्याकडून काळे घेतले. काळे सागवानावर वाईट दिसत नाहीत.

साडीचा तुकडा परत आला नाही. आईने दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या मुलाने मला एक जाहिरात पाठवली, "काका, तुम्हाला हवे होते ना तसले?" वेगळं नाव, वेगळा नंबर. "कोणताही रंग, ग्राहकाच्या कापडावरून हुबेहूब." खाली पुरावा म्हणून फोटो, खिडकीच्या उजेडात धरलेला अबोली साडीचा चार बोटं तुकडा. तो मी काढलेला फोटो आहे. डाव्या कोपऱ्यात आईच्या हातातली हिरवी बांगडी अर्धी दिसते, आणि तिच्या शेजारी एक पातळ सोन्याची. तो फोटो दिसला तर पैसे पाठवू नका.