पुन्हा अभ्यासिका की घरचे वावर?

पदवी झाली आहे, राज्यसेवेचे दोन प्रयत्न हुकले आहेत आणि घरी सहा एकर कोरडवाहू वावर आहे. अशा वेळी अमरावतीच्या अभ्यासिकेत आणखी एक वर्ष काढावे की कपाशी-तुरीकडे परतावे, हा विषय यवतमाळ-वाशीमकडच्या कितीतरी घरांत जेवताना निघतो आणि बहुधा पगार व पिकाचा भाव एवढ्यावरच मिटतो. मनःस्वास्थ्याचा हिशेब त्यात धरला जात नाही.

टिम कॅसर आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, आपुलकीची नाती, स्वतःचा स्वीकार आणि समाजाच्या उपयोगी पडणे यांपेक्षा पैशाच्या यशाला वरचे स्थान देणाऱ्यांत उत्साह कमी आणि चिंता अधिक होती. मुद्दा पैशाची इच्छा असण्याचा नव्हता, ती इतर साऱ्यांच्या वर बसण्याचा होता. (ज्या घरावर पीककर्ज थकले आहे, तिथे पैशाच्या ओढीला हाव म्हणणे मला अन्यायाचे वाटते.)

यावरून नोकरी म्हणजे हव्यास आणि शेती म्हणजे समाधान असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पारावर कोणी ‘निकाल काय म्हनते रे?’ असे विचारील, या धास्तीने पुस्तक उघडणारा आणि प्रशासनाचे काम खरोखर आवडते म्हणून तेच पुस्तक उघडणारा, हे दोघे एकाच बाकावर बसलेले असतात. केनन शेल्डन आणि अँड्र्यू इलियट यांच्या १९९९ च्या मांडणीनुसार मनापासून पटलेल्या ध्येयासाठी माणूस अधिक काळ झटतो आणि ते साधल्यावर त्याला समाधानही अधिक मिळते. वावराचेही तसेच आहे. वडिलांचा शब्द मोडवत नाही म्हणून परतलेला मुलगा डवरणी चालू असताना धुऱ्यावर उभा राहून मोबाइलवर सोबत्यांच्या नेमणुकीच्या बातम्या पाहत असेल, तर केवळ जागा बदलली, ओझे तेच राहिले.

आपल्या परिस्थितीवर आपला ताबा असणे, हा कॅरोल रिफ यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या मनःस्वास्थ्याच्या सहा अंगांपैकी एक आहे. या बाबतीत दोन्ही वाटा लंगड्या आहेत. एकीकडे पावसाचा खंड, दुसरीकडे मोजक्या जागा. नोकरी लागलीच तर हे पारडे तिच्याकडे झुकते, हे मान्य करावे लागेल. मात्र शेतात रोजच्या कामाचा क्रम तरी आपल्या हाती असतो आणि माणसे जवळ असतात.

अभ्यासाची गोडी टिकून असेल, तर एक वर्ष जरूर द्यावे, पण शेवटची तारीख आधी ठरवून. खुल्या प्रवर्गालाही ३८ वर्षांपर्यंत मुभा असल्याने परीक्षा आपणहून कोणाला सोडत नाही. आवाक्याबाहेर गेलेले ध्येय सोडून दुसऱ्यात जीव गुंतवणे ज्यांना जमते, त्यांची मनःस्थिती बरी राहते, असे कार्स्टन व्रोश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या संशोधनात दिसले. त्यामुळे शेती निवडणाऱ्याने नुसते परतू नये, तर शेळीपालन असो की बियाण्याचा प्रयोग, स्वतःचे म्हणावे असे एक काम पहिल्याच हंगामात हाती घ्यावे.

अभ्यासिकेचे शुल्क आणि बियाण्याचे पैसे एकाच खिशातून जायचे असल्याने घरातले हे बोलणे मृग लागण्याआधी उरकलेले बरे.