गडावर ट्यूब फीड: बॅग घ्यावी की सिरिंज?

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर माझं गिळणं बंद झालं आणि पोटात पेग ट्यूब बसली, म्हणजे पोटावरच्या छिद्रातून थेट जठरात जाणारी नळी. गड मात्र सोडवले नाहीत. ट्रेकला फीड, म्हणजे या नळीतून घ्यायचं पातळ अन्न, टांगायच्या बॅगने घ्यावं की सिरिंजने, असं दोघातिघांनी विचारलं. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

सुरुवात बॅगपासून केली होती आणि तिचं सुख मोठं आहे. एकदा ओतून क्लॅम्पने वेग लावला की पाऊण तास हात मोकळे. फीड हळू उतरतं, त्यामुळे चढून आल्यावरही मळमळत नाही. टांगायला फांदी नसली तर दोन काठ्या बांधून भागतं. माचीवर वारा सुटला की बॅग हेलकावते, धार अडते, पण तेही निभतं.

निभलं नाही ते धुणं. राजगडावर पद्मावती माचीला मुक्काम होता. रात्री टॉर्चच्या उजेडात बॅग धुवायला बसलो. थेंब पडतात त्या कपात आणि खाली लांबलचक नळीत फीडचा पांढरा थर धरलेला. पाणी सोडलं, झटकलं, परत सोडलं. सकाळच्या फीडसाठी उकळून ठेवलेलं लिटरभर पाणी त्यातच गेलं, आणि टाक्याचं पाणी तसंच नळीत घालायचा धीर होईना. सकाळी झाकण उघडलं तर आंबूस वास. पुन्हा पाणी उकळून गार होईपर्यंत उपाशी थांबलो आणि सॅकच्या तळाशी असलेल्या सिरिंजने फीड घेतलं. तेव्हापासून बॅग ट्रेकला येत नाही.

सिरिंज ६० मिलीची. २५० मिली फीडला चार-पाच वेळा भरावी लागते, तेवढा वेळ हात अडकतो. पण दट्ट्या काढला की आतपर्यंत बोट जातं, कपभर पाण्यात ती लख्ख होते. रबर काही दिवसांनी चिकट होतं, म्हणून दोन ठेवतो. तोरण्याच्या चढावर एकदा घाईने दट्ट्या दाबला आणि पोटात अशी कळ आली की अर्धा तास बसून राहिलो. आता दट्ट्या काढूनच सिरिंज छातीच्या उंचीला धरतो आणि फीड आपसूक उतरू देतो. पावडरच्या पुड्या घरून मापून नेतो, ऐनवेळी कालवतो. कालवलेलं फीड चार तासांवर ठेवत नाही.

माझं मन सिरिंजकडे झुकायला पाण्याचंही कारण आहे. आपल्याला घोट घेता येत नाही, आणि उन्हात दर तासाला शंभर-दीडशे मिली पाणी तरी पोटात जायला हवं असं मला वाटतं. सिरिंजने ते दोन मिनिटांत होतं. बॅग काढायची म्हटलं की कंटाळा येतो आणि पाणी राहून जातं.

ट्यूब जठरात नसून लहान आतड्यात असेल तर मात्र माझं ऐकू नका. तिथे एकदम फीड सोसत नाही. संथ धार किंवा पंपच लागतो, आणि धुण्याचा त्रास धरूनच चालावं लागतं.

दोन्हींत सॅकचा कंबरपट्टा ट्यूबवर येऊ देऊ नका. मी ट्यूब वर वळवून टेपने चिकटवतो. ती ओढली जाऊन बाहेर आली तर छिद्र काही तासांतच आवळायला लागतं, आणि वेळेत दवाखाना गाठायचा तर आधी गड उतरावा लागतो. म्हणून पहिली खेप सिंहगडाची करा, सकाळी चढून दुपारी घरी.