वचनपेटी: घ्यावी, पण चिठ्ठी काढून लगेच झाकण लावू नये

डिसेंबर लागला की ठाण्यात चर्चबाहेरच्या टेबलांवर, कॅलेंडरं आणि मेणबत्त्यांच्या मधे, ही पेटी हमखास दिसते. तळहातावर मावेल एवढी प्लॅस्टिकची डबी, आत उभी लावलेली कार्डं आणि प्रत्येकावर बायबलमधलं एक वचन. कोणी वचनपेटी म्हणतं, कोणी सरळ प्रॉमिस बॉक्स. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर वर्षाचं वचन काढायला हीच पुढे येते. घरात नोकरीचा, ऑपरेशनचा किंवा रिडेव्हलपमेंटला गेलेल्या बिल्डिंगचा घोर लागला की मग रोज सकाळी हिच्यात हात जातो. म्हणून तपासताना प्रश्न एकच धरला: उद्याचं काहीच दिसत नसलेल्या माणसाला ही पेटी कितपत पुरते?

आधी वस्तू म्हणून. कार्ड जाड आहे, पण लॅमिनेशन एकाच बाजूला. ठाण्याच्या पावसाळ्यात हे टिकत नाही. कागदाची उघडी बाजू दमट हवा पिऊन फुगते, प्लॅस्टिकची बाजू आहे तेवढीच राहते, आणि कार्ड पन्हळीसारखं वळतं. मग एक ओढलं की तीन येतात. उपाय सोपा: दहा-पंधरा कार्डं काढून डबी सैल करायची आणि जून ते सप्टेंबर ती झिपच्या पिशवीत ठेवायची. दोन्ही बाजूंनी बिनलॅमिनेशनची पेटी मिळाली तर तीच घ्यावी. पेन्सिलनं मागे लिहिताही येतं.

छपाईत 'आशीर्वाद'चा 'आर्शीवाद' झालाय. तो चालवून घेता येईल, संदर्भांतल्या चुका मात्र महाग पडतात. 'फिलि.' म्हणजे फिलिप्पैकरांस पत्र आणि 'फिले.' म्हणजे फिलेमोनाला पत्र. दुसऱ्यात अध्याय एकच, त्यामुळे 'फिले. ४:६' शोधणारा शोधतच राहतो. तीच गत 'यहो.' आणि 'यहे.'ची: पहिला यहोशवा, दुसरा यहेज्केल. योहानाच्या पहिल्या पत्रापुढचा '१' गळला की वाचक योहानाच्याच शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, जाऊन पोचतो. काही कॅथलिक आवृत्त्यांत स्तोत्राच्या मथळ्यालाच पहिलं वचन धरतात, तेव्हा आकडा एकाने पुढे सरकतो. ती चूक नाही, पण पेटीवर कुठे तरी सांगायला हवं होतं.

आता खरी गोष्ट. या पेटीतलं सगळ्यात लाडकं कार्ड यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९ व्या अध्यायाचं अकरावं वचन. देव म्हणतो, तुमच्याविषयीचे माझे बेत हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे आहेत. कार्डावर मागे सूर्योदय. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी हे हाताला लागलं की नोकरी पक्की, असाच अर्थ घेतला जातो. पण हे वाक्य एका पत्रातलं आहे. यरुशलेमेतून धरून बाबेलला (बॅबिलॉनला) नेलेल्या लोकांना यिर्मयानं ते पाठवलं, आणि आधीच्याच, म्हणजे दहाव्या वचनात मुदत दिली आहे: ७० वर्षं. पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना परतीचा रस्ता दिसणारच नव्हता. आदल्या अध्यायात, २८ मध्ये, हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सगळं परत येईल असं जाहीर करतो, आणि तो खोटा ठरतो. पेटी भरणारे हनन्याचं काम नकळत करतात, असं म्हणणं जरा कडक होईल, पण अकरावं वचन दहाव्याशिवाय छापलं की होतं तेच.

आणि पाचव्या ते सातव्या वचनात जे सांगितलंय ते अकराव्याइतकंच कामाचं आहे: घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलांची लग्नं लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परक्या, नकोशा नगरासाठी! भाड्याच्या घरात राहून ताब्याची तारीख पुढे-पुढे सरकताना बघणाऱ्यांना या ओळी कार्डापेक्षा जास्त धीर देतील. अध्याय २८ ची १७ आणि २९ ची ३२ वचनं ठाणे-वाशी लोकलमध्ये, बसायला मिळालं तर, कोपरखैरणे यायच्या आत वाचून होतात.

दुसरं कार्ड स्तोत्र ९१ मधलं: तुझ्यावर अरिष्ट येणार नाही. आयसीयूबाहेर हेच सर्रास दिलं जातं. याच स्तोत्रातली पुढची दोन वचनं मत्तय ४ मध्ये सैतान येशूला ऐकवतो, मंदिराच्या शिखरावरून उडी मार म्हणून. वचन तोडून वापरण्याचं याहून बोलकं उदाहरण नाही. येशू त्याला 'अनुवाद' नावाच्या जुन्या करारातल्या पुस्तकातलं दुसरं वचन देऊन उत्तर देतो: देवाची परीक्षा पाहू नको. पेशंटच्या माणसांना द्यायचंच तर ९१ चं शेवट द्यावं, जिथे 'संकटसमयी मी त्याच्याजवळ असेन' अशा अर्थाचं आश्वासन आहे. तिथे संकट येणार हे धरलेलंच आहे.

पेटीत नसलेल्या गोष्टी जास्त खटकतात. स्तोत्र १३ नाही, ज्याची सुरुवातच 'कुठवर?' असं चार वेळा विचारून होते. स्तोत्र ८८ नाही, जे अंधारातच संपतं. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातलं, देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे कार्ड आहे, पण ६६ वचनांच्या त्या अध्यायात ते २२-२३ वर येतं. आधीची वीस वचनं निव्वळ रडगाणं आहेत. ती वाचल्याशिवाय 'रोज सकाळी' याचं वजन कळत नाही. हबक्कूक ३:१७-१८ नाही: अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. याकोब ४:१५, म्हणजे 'प्रभूची इच्छा असेल तर', हेही गायब. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं २८ वं वचन, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून हितकारक होतात, हे आहे, पण जे दिसतं त्याची आशा कोण धरतो असं विचारणारं २४ वं नाही. ख्रिस्ती आशेची सगळी मेख तिथे आहे. माहिती हातात असती तर तिला आशा म्हटलंच नसतं.

वापरायची पद्धत अशी ठेवावी. दिवसाला एकच कार्ड. मनासारखं नाही म्हणून परत काढायचं नाही. संदर्भ उघडून पूर्ण अध्याय वाचायचा आणि कोण, कोणाला, कुठल्या अडचणीत बोलतंय ते शोधायचं. कार्डामागे पेन्सिलनं तारीख आणि चिंता नेमकी लिहायची: 'सगळं नीट होऊ दे' असं नको, 'सोमवारी बायॉप्सीचा रिपोर्ट' असं. त्याखाली आज आपल्याला करता येईल असं एक काम. निर्णय मात्र कार्डावर सोडू नये. प्रेषितांची कृत्ये १:२६ मध्ये यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्या, त्यानंतर नव्या करारात शिष्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचं येत नाही.

चिठ्ठीनं वचन काढण्याची जुनी, जास्त विचारी रीत जर्मनीतल्या हर्नहूटच्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट मंडळीत आहे. १७३१ पासून त्यांचं वचनपुस्तक दरवर्षी निघतं. जुन्या करारातलं वचन चिठ्ठीनं निघतं, पण त्याला नव्या करारातलं वचन विचारपूर्वक जोडतात, आणि त्या दिवशी सगळी मंडळी तेच वाचते. माझ्यासाठी आज काय निघालं, हा प्रश्नच उरत नाही. घरात पाच माणसं असतील तर पेटीही अशीच वापरावी: पाच नाही, सगळ्यांत मिळून एक.

विकत घेताना झाकण उघडून यिर्मयाचं कार्ड शोधा. संदर्भात २९:११ च्या ऐवजी २९:१०-११ असेल तर निवडणाऱ्यानं अध्याय वाचलेला आहे. तशी पेटी सापडली नाही तर साधी घ्या आणि तिच्याच मापाची दहा कोरी कार्डं कापून पेटीत नाहीत म्हणून वर सांगितलेली वचनं हातानं लिहून आत घाला. सैल करायला काढलेल्या कार्डांची जागा आहेच.